घड्याळ कामरगावात लावून मोजा

‘सर्वर डाऊन आहे’ हे वाक्य आमच्याकडे आता ‘यंदा पाऊस नाही’ या सुरात बोललं जातं. सांगणाऱ्याची चूक नाही, ऐकणाऱ्याकडे इलाज नाही, वरून आलेली गोष्ट आहे, सोसायची. कामरगावातल्या सेवा केंद्रात, तालुक्याच्या ठिकाणच्या झेरॉक्सच्या दुकानांत, शाळा-कॉलेजांच्या ऑफिसांत हेच वाक्य आणि हाच सूर. शिष्यवृत्तीचा अर्ज असो, उत्पन्नाचा दाखला असो, पीक विमा असो की केवायसी. पडद्यावर गोल चक्र फिरत राहतं आणि माणसं त्याच्याकडे ढगाकडे बघावं तशी बघत राहतात.

मी प्रोग्रॅम लिहून पोट भरतो. त्यामुळे हे मला सांगावंच लागेल की ते चक्र ढग नाही. त्या चक्रामागे कुणीतरी लिहिलेला कोड आहे, आणि तो कोड किती वेळ घेतो हे मोजायची विद्या कित्येक दशकं जुनी आहे. ‘सर्वर डाऊन’ म्हणून जे आपल्याला सांगितलं जातं, त्यातला मोठा भाग असा वेळ असतो, जो कुणीतरी आधी मोजायला हवा होता आणि मोजला नाही. किंवा मोजला, पण आकडा देखणा यावा अशा जागी उभं राहून मोजला. माझं भांडण या दुसऱ्या प्रकाराशी जास्त आहे. न मोजणारा आळशी असतो. सोयीचं मोजणारा आपल्या हातात कागद देतो आणि म्हणतो, बघा, सगळं ठीक आहे.

प्रोग्रॅमचा वेळ मोजायला युनिक्समध्ये एक साधी आज्ञा आहे, तिचं नावच ‘टाइम’. प्रोग्रॅमच्या नावाआधी हा शब्द टाकायचा, काम संपलं की तीन आकडे समोर येतात: रिअल, यूझर आणि सिस. यूझर म्हणजे प्रोसेसरने तुमच्या कोडवर घालवलेला वेळ. सिस म्हणजे त्याच कामासाठी ऑपरेटिंग सिस्टिमने प्रोसेसर वापरला तो वेळ. आणि रिअल म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाचा वेळ, काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा. मधल्या काळात प्रोग्रॅम डिस्कची, नेटवर्कची किंवा दुसऱ्या एखाद्या सर्वरच्या उत्तराची वाट बघत नुसता झोपून असेल, तर ती झोप पहिल्या दोन आकड्यांत दिसत नाही. ती फक्त रिअलमध्ये दिसते.

सोयाबीनच्या हंगामात बाजार समितीच्या दारात उभं राहिलेल्या कुणालाही हा फरक समजावून सांगावा लागत नाही. ट्रॅक्टर काट्यावर चढतो, वजन होतं, पावती मिळते, ट्रॅक्टर उतरतो. दोन-चार मिनिटांचं काम. काटेवाल्याला विचारलं तर तो हेच सांगेल आणि ते खोटं नसेल. पण शेतकरी आदल्या संध्याकाळपासून रांगेत आहे, ट्रॉलीखाली झोपला आहे, सोबत आणलेली भाकर संपली आहे. काटेवाल्याचा वेळ यूझर, शेतकऱ्याचा वेळ रिअल. बैठकीत अधिकाऱ्यांसमोर जो आकडा ठेवला जातो, तो जवळजवळ नेहमी काटेवाल्याचा असतो.

मराठी माणसाला हा खेळ नवा नाही. गाडी घेताना शोरूमवाला मायलेज सांगतो, तेव्हा आपण लगेच विचारतो, ‘कंपनीचं की रोडवरचं?’ पुण्याच्या एआरएआयमध्ये गाडी रोलरवर चढवून, ठरलेल्या वेगाच्या आलेखानुसार चालवून तो आकडा काढतात. गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला तो ठीक आहे. पण मागे दोन माणसं, डिकीत तुरीचं पोतं आणि पावसानं उखडलेला रस्ता त्या रोलरवर नसतो, हे आपल्या अंगवळणी पडलंय. मोटारसायकल घेणारा शेतकरी जो प्रश्न विचारतो, तोच प्रश्न कोट्यवधी लोकांसाठीचं पोर्टल बनवून घेणारं खातं विचारत नाही. हा पहिला आरोप.

आता थोडं आत जाऊ, कारण खरी लबाडी आत आहे.

समजा एका योजनेच्या यादीत एकच नाव दोनदा आलंय का, हे तपासायचं आहे. नवशिक्या प्रोग्रॅमर सोपा मार्ग धरतो: प्रत्येक नाव घ्यायचं आणि सगळी यादी चाळायची. चाचणीसाठी तो १०० नावं भरतो. १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० तुलना. सेकंदाला एक कोटी तुलना होत असतील, तर हे काम सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतं. पापणी लवत नाही तोवर उत्तर हजर. साहेब खूश, बिल मंजूर. मग खरी यादी येते, १ लाख नावांची. नावं हजारपट झाली, पण तुलना झाल्या १,००० कोटी, म्हणजे दहा लाखपट. त्याच मशीनवर त्याच कामाला आता १,००० सेकंद लागतात, जवळपास सतरा मिनिटं. कोड बदलला नाही, मशीन बदललं नाही, चाचणीचा अहवालही खोटा नव्हता. फक्त तो १०० नावांचा होता. यादी आधी अकारविल्हे लावून घेतली असती, तर शेजारशेजारची नावं ताडून हेच काम चुटकीसरशी झालं असतं. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे शिकवतात. कुणी एकदा तरी १ लाख नावांवर घड्याळ लावून बसलं असतं, तर ही चूक पहिल्याच दिवशी पकडली गेली असती. बसलं नाही, म्हणून ती शेवटच्या तारखेला, लोकांच्या डोक्यावर, ‘सर्वर डाऊन’ होऊन फुटते.

दुसरी जागा सरासरीची. ‘आमचं पोर्टल सरासरी दोन सेकंदांत उत्तर देतं.’ हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. शंभर माणसांपैकी नव्व्याण्णव जणांना एका सेकंदात उत्तर मिळालं आणि शंभराव्याला १०१ सेकंद लागले, तरी सरासरी दोनच सेकंद येते. दोन सेकंद लागलेला माणूस मात्र त्या शंभरांत एकही नाही. म्हणून जाणकार लोक सरासरी बाजूला ठेवतात आणि विचारतात, शंभरातल्या नव्व्याण्णवांचं काम किती वेळात आटोपलं, आणि जो उरला त्याचं काय झालं?

आणि जो घरी गेला त्याचं? त्याचा तर हिशेबच नाही. चक्र फिरून फिरून पान तुटतं, अर्ज पोचतच नाही, तेव्हा ती विनंती पुष्कळ ठिकाणी ‘अयशस्वी’ या वेगळ्या रकान्यात जाते आणि वेळेच्या सरासरीतून गळते. म्हणजे व्यवस्था जितकी जास्त लोकांना हाकलते, तितकी तिची सरासरी सुधारते! आमच्या गल्लीतले एक चाचा एकाच कामासाठी तिसऱ्यांदा परत आले. मी विचारलं, चाचा, काय झालं? म्हणाले, ‘जाऊ दे ना बाप्पा, नसिबात नाही आपल्या.’ त्यांचे तीन दिवस आणि बुडालेली मजुरी जगातल्या कुठल्याच सरासरीत नाही.

चाचणी करणारी अवजारंसुद्धा इथे फसवतात. अवजार एक विनंती पाठवतं, उत्तर येईपर्यंत सभ्यपणे थांबतं, मग दुसरी पाठवतं. सर्वर एक मिनिट गोठला, तर अवजारही मिनिटभर गप्प बसतं आणि वहीत एकच वाईट आकडा नोंदवतं. खऱ्या जगात त्या एका मिनिटात शेकडो माणसांनी बटण दाबलेलं असतं आणि ते सगळे अडकलेले असतात. गिल टीन नावाच्या तज्ज्ञाने या फसवणुकीकडे वारंवार बोट दाखवलंय. अवजाराने रांगेत उभं राहायला नकार दिला, म्हणून रांग दिसली नाही, इतकं ते सोपं आहे.

रांगेचंही एक गणित आहे आणि ते शंभरेक वर्षं जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ साली त्याचा पाया घातला. सर्वरची निम्मी ताकद वापरात असेल, तर साध्या रांगेत माणसाला मूळ कामाच्या सुमारे दुप्पट वेळ लागतो. ९० टक्के वापरात असेल तर दहापट. ९९ टक्के असेल तर शंभरपट. म्हणजे गर्दी थोडी वाढली की वेळ थोडा वाढतो, असं नसतंच. एका हद्दीनंतर तो कड्यावरून कोसळतो. शेवटच्या तारखेला गर्दी होणार हे कॅलेंडरवर छापलेलं असतं, कारण ती तारीख सरकारनेच ठरवलेली असते. तरी मोजमाप होतं ते एखाद्या निवांत मंगळवारी दुपारी.

तिसरी जागा सगळ्यात निसरडी, कारण तिथे प्रत्येक जण खरं बोलत असतो. आपला एक अर्ज आत दहा दारं ठोठावतो: आधार, बँक, सातबारा, मोबाइलवरचा ओटीपी, अशी. प्रत्येक खातं म्हणतं, आमचं शंभरातलं नव्व्याण्णव वेळा झटक्यात होतं. मानलं. पण दहाही दारं एकाच वेळी झटक्यात उघडण्याची शक्यता काढली, तर ती ९० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे जवळपास दर दहातला एक माणूस कुठल्या ना कुठल्या दारात अडकणार. दहा खात्यांपैकी एकही दोषी नाही आणि दहावा माणूस मात्र अडकलेला आहे. गुगलच्या जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी २०१३ साली शंभर सर्वरांचा असाच हिशेब मांडला होता, तिथे तर ६३ टक्के विनंत्या रखडतात. त्यांनी तो मांडला तो उपाय करायला. आपल्याकडे तो मांडलाच जात नाही, कारण दहा दारांपलीकडे उभ्या असलेल्या माणसाचा वेळ हा कुठल्याच खात्याचा विषय नाही.

यावर माझे शहरातले व्यवसायबंधू एक उत्तर तयार ठेवतात: ‘गावात नेटवर्कच नसतं हो.’ खरं आहे, खराब असतं. पण जरा हिशेब करू. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते कामरगाव तार सहाशे किलोमीटरची धरली, तर प्रकाशाला लागतात तीन हजारांश सेकंद. जाऊन-येऊन सहा. ग्रेस हॉपर नावाच्या अमेरिकन नौदलातल्या बाई भाषणात श्रोत्यांना साधारण तीस सेंटिमीटर लांबीची तार वाटायच्या आणि सांगायच्या, ही बघा एक नॅनोसेकंद, एवढ्या वेळात विजेचा संदेश फार तर इतकाच जाऊ शकतो. त्या हिशेबाने अंतर हा आमचा गुन्हा नाही. आमचं गाव सेकंदांनी लांब नाही. मग उरतो टॉवरचा तोकडा वेग. तो तोकडा आहे हे तुम्हाला माहीत आहे, तर तीन मेगाबाइटचं पान का बनवता? १०० एमबीपीएसच्या ऑफिसात ते पाव सेकंदात उतरतं, १ एमबीपीएसवर २४ सेकंद घेतं. त्या पानात काय असतं? मंत्र्यांचे फोटो, सरकत्या पट्ट्या, आणि कधी कधी अख्ख्या राज्याच्या गावांची यादी, जिच्यातून आम्हाला एकच नाव निवडायचं असतं. नेटवर्क खराब आहे हे कारण म्हणून वापरायचं असेल, तर ते आधी मोजमापात धरा. नंतर सबब म्हणून काढू नका.

मोबाइलचंही तेच. ई-पीक पाहणीचं अॅप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालं. शेतकऱ्याने बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, जागा जीपीएसने नोंदली जाते. कल्पना चांगली आहे, माझा तिला विरोध नाही. पण असं अॅप चालतं कुठे, हे बघा. उन्हात, तापलेल्या स्वस्त फोनवर. फोन तापला की तो स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो. एसी ऑफिसातल्या महागड्या फोनवर काढलेला आकडा या बांधावर लागू होत नाही, जसं आमच्या मशिदीत मुंबईचं वेळापत्रक लागू होत नाही. रमजानमध्ये कामरगावचा माणूस मुंबईच्या वेळेवर रोजा सोडत नाही. इथे सूर्य तिथल्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटं आधी मावळतो आणि उगवतोही तितकाच आधी. सहरी मुंबईच्या घड्याळावर केली तर रोजाच हातचा जाईल. वेळ जिथे पाळायची तिथेच मोजायची, हे आमच्या म्हाताऱ्या फुफीलाही कळतं. तिने अल्गोरिदम हा शब्द कधी ऐकलेला नाही.

त्या शब्दावरून आठवलं. नवव्या शतकात बगदादेत राहून गेलेल्या अल-ख्वारिज्मीच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला, ही गोष्ट माझ्या व्हॉट्सअॅपवर महिन्यातून दोनदा तरी येते. अभिमान जरूर बाळगा. पण तो मेसेज पुढे पाठवणाऱ्या ग्रुपमध्येच शिष्यवृत्तीच्या शेवटच्या रात्री पोरं लिहितात, ‘साइट चालत नाही, कुणाकडे काही जुगाड आहे का?’ आणि थोर मंडळी उत्तर देतात, सब्र करो. सब्र आजारपणात करावा, मौतीत करावा. एका वाईट लिहिलेल्या प्रोग्रॅमपुढे सब्र कसला? तिथे हिशेब मागायचा असतो. ख्वारिज्मीने आयुष्यभर हिशेबच केला.

दुसरी ढाल असते डोनाल्ड क्नूथ यांची. ‘वेळेआधी केलेली काटकसर हे सगळ्या पापांचं मूळ’ अशा अर्थाचं त्यांचं विधान प्रत्येक आळशी प्रोग्रॅमरला पाठ असतं. १९७४ सालच्या ज्या लेखात ते आहे, तो लेख वाचलेला माणूस मला क्वचित भेटला. क्नूथ तिथे म्हणतात ते एवढंच की ९७ टक्के ठिकाणी किरकोळ वेगाची फिकीर करू नका, पण उरलेले ३ टक्के नाजूक भाग मुळीच सोडू नका. आणि ते ३ टक्के कुठे आहेत हे अंदाजाने कळत नाही, मोजूनच कळतं. त्याआधी १९७१ साली त्यांनी फोरट्रानमधले खरेखुरे प्रोग्रॅम तपासून दाखवलं होतं की साधारणपणे ४ टक्क्यांपेक्षा कमी कोड निम्म्याहून जास्त वेळ खातो. म्हणजे ज्या माणसाच्या नावावर मोजणं टाळलं जातं, तो माणूस आयुष्यभर मोजत होता.

मोजणं सोपं आहे, असं मी म्हणत नाही. ते चांगलंच किचकट आहे. पहिल्यांदा चालवलं तर वेगळा आकडा, दुसऱ्यांदा चालवलं तर वेगळा, कारण माहिती आता मेमरीत येऊन बसलेली असते. २००९ साली टॉड मायटकोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रोग्रॅमला हातही न लावता, मशीनवरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सचा नुसता आकार बदलला तरी वेळ बदलतो. लॉगिनचं नाव त्या व्हेरिएबल्समध्येच असतं, म्हणजे नाव लांबलचक असलं तरी आकडा हलू शकतो! पण किचकट आहे म्हणून सोडून देणं वेगळं, आणि किचकट आहे म्हणून पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या जागी मोजणं वेगळं. आणि हे दुसरं आपल्याच राज्यात, पुण्यात होतं.

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, आयआयटीएम. तिथे प्रोग्रॅमचा वेळ मोजण्यात लबाडी चालत नाही, कारण समोर स्पर्धक म्हणून खुद्द आभाळ उभं असतं. १९२२ साली लुईस रिचर्डसन या इंग्रजाने हवामानाचा अंदाज गणिताने काढायची रीत पुस्तकात मांडली. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवता चालवता त्याने हाताने आकडेमोड केली होती. सहा तासांच्या अंदाजाला सुमारे सहा आठवडे लागले, आणि उत्तरही चुकलं. १९५० साली अमेरिकेत एनिअॅक या संगणकावर चोवीस तासांचा अंदाज काढला, त्याला जवळपास चोवीसच तास लागले. अंदाज आणि हवामान एकाच वेळी दारात. त्या शास्त्रज्ञांनी हे लपवलं नाही. उलट तोच आकडा समोर ठेवला, कारण तो कमी करणं हेच पुढचं काम होतं.

आयआयटीएममध्ये ‘प्रत्युष’ हा महासंगणक जानेवारी २०१८ मध्ये सुरू झाला, सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अर्का’ आला, ११.७७ पेटाफ्लॉप्सचा. २६ मे २०२५ ला ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली. आधीची प्रणाली १२ किलोमीटरच्या चौकटींत हवामान बघायची, ही ६ किलोमीटरच्या. चौकट निम्मी केली की चौकटींची संख्या चौपट होते आणि गणिताची पावलंही निम्मी टाकावी लागतात, म्हणजे काम ढोबळमानाने आठपट. ते वेळेत बसवायचं होतं. ‘प्रत्युष’ला जिथे दहा तासांपर्यंत वेळ लागायचा ते काम ‘अर्का’ चार तासांत करतो, असं तिथल्या शास्त्रज्ञांनी जाहीर सांगितलं. दहा तास आणि चार तास, दोन्ही भिंतीवरच्या घड्याळाचे. रिअल. अंदाज पेरणीच्या आधी पोचला तर उपयोग, नंतर पोचला तर तो नुसता इतिहास, हे तिथे सगळ्यांना मान्य आहे.

महासंगणकांची जी जागतिक यादी निघते, टॉप ५००, तीसुद्धा माहितीपत्रकातले आकडे धरत नाही. पुण्यातलाच, टाटांच्या कंपनीने उभारलेला ‘एका’ नोव्हेंबर २००७ च्या यादीत जगात चौथा आला. त्याची कागदावरची ताकद १७० टेराफ्लॉप्सच्या आसपास होती. पण क्रमांक मिळाला तो लिनपॅक नावाचा ठरलेला प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवून मोजलेल्या ११७.९ वर. कागदावरचं कागदावर राहिलं. लिनपॅकही म्हणजे शेवटी एक प्रकारचा रोलरच, त्यावर टीका करणारे पुष्कळ आहेत. तरी निदान चालवून बघा, हा नियम तिथे आहे.

मग मी विचारतो, वाशीम जिल्ह्यात पाऊस कधी पडेल हे सांगणाऱ्या प्रोग्रॅमचा प्रत्येक मिनिट मोजला जातो, आणि त्याच पावसाने झालेलं नुकसान नोंदवून घेणाऱ्या प्रोग्रॅमचा का नाही? अक्कल एकाच शहरात आहे, पैसा एकाच तिजोरीतून येतो. फरक एवढाच की पहिल्या प्रोग्रॅमला उशीर झाला तर सरकारची फजिती होते. दुसऱ्याला उशीर झाला तर आमची.

आमच्यासाठी मात्र घड्याळ कडक असतं. पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीने नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवा, असं शेतकऱ्याला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. हे ७२ तास रिअल होते. त्यात रात्री होत्या, गेलेली वीज होती, फिरणारं चक्र होतं, सगळं धरून. त्र्याहत्तराव्या तासाला ‘माझा यूझर टाइम अजून शिल्लक आहे’ असं सांगायची सोय शेतकऱ्याला नव्हती. आता सरकारचं घड्याळ बघा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालचा आहे, चांगला कायदा आहे. दाखला इतक्या दिवसांत द्यायचा, नाही दिला तर अपील, अधिकाऱ्याला दंड. पण मुदत मोजायला सुरुवात कधी होते? आवश्यक कागदपत्रांसह परिपूर्ण अर्ज कार्यालयाला मिळाला, त्या दिवसापासून. अर्ज मिळण्याआधी पडद्यापुढे गेलेले दोन तास, दोन दिवस, चाचांच्या तीन फेऱ्या, हे सगळं कायद्याच्या घड्याळाबाहेर. अर्ज, मुदत, तारीख, दाखला, तहसील हे शब्द फारसी-अरबीतून येऊन शतकानुशतकं मराठीत नांदताहेत, आणि त्या सगळ्या काळात अर्जाचा कागद साहेबाच्या टेबलावर ठेवला की अर्ज झाला, एवढं तरी पक्कं होतं. आता टेबलापर्यंतचा रस्ताच एका प्रोग्रॅमच्या मर्जीवर आहे आणि तो रस्ता मोजायची जबाबदारी कुणाचीही नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत आणि महागही नाहीत. लोकांसाठीच्या प्रत्येक पोर्टलच्या कंत्राटात वेळेची अट असावी, आणि ती रिअल वेळेची असावी. सात-आठ हजारांच्या फोनवर, खेड्यातल्या नेटवर्कवर, शेवटच्या तारखेच्या गर्दीइतका भार टाकून मोजलेली. सरासरी नको, शंभरातल्या नव्व्याण्णवाव्या माणसाला किती वेळ लागला तो आकडा हवा, आणि तुटलेल्या, अर्धवट सुटलेल्या सगळ्या विनंत्या त्यात धरलेल्या हव्यात. हे आकडे रोजच्या रोज त्याच पोर्टलच्या पहिल्या पानावर दिसावेत, मंत्र्यांच्या फोटोच्या जागी दिसले तर पानही हलकं होईल. आणि जितके तास पोर्टल ठरलेल्या वेळेत उत्तर देत नाही, तितके तास शेवटची तारीख आपोआप पुढे जावी, निवेदनं न देता, आमदाराच्या मागे न लागता.

हे होईपर्यंत आपण हात बांधून बसायचं कारण नाही. सेवा केंद्र चालवणाऱ्या माझ्या मित्रांना मी एकच विनंती करतो. दोनशे पानी वही घ्या. फोनमधलं स्टॉपवॉच बटण दाबताना सुरू करा. तारीख, वेळ, कोणतं काम, किती मिनिटं, झालं की नाही, एवढं लिहा. माणसाचं नाव नको, आधार क्रमांक नको. न झालेली कामं गाळू नका, तीच सगळ्यात महत्त्वाची. दोन केंद्रांनी एक हंगामभर हे केलं, तर ‘तुमच्या गावात नेटवर्क नाही’ म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला कागद असेल, कारण त्याच नेटवर्कवर दुसरी संकेतस्थळं किती वेळात उघडली, हेही त्याच वहीत लिहायचं आहे.

आणि माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. २००५ चा कायदा आहे, उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. मी मसुदा करून ठेवलाय, कुणीही उतरवून घ्यावा आणि ज्या खात्याच्या पोर्टलवर अडकला असाल त्या खात्याचं नाव घालावं. एक, या पोर्टलच्या कंत्राटात उत्तर देण्याच्या वेळेविषयी कोणती अट आहे, तिची प्रत द्यावी. दोन, पोर्टल स्वीकारण्यापूर्वी झालेल्या भार-चाचणीचा अहवाल द्यावा, आणि ती चाचणी किती नोंदींवर, किती एकावेळच्या वापरकर्त्यांवर आणि कोणत्या ठिकाणाहून केली ते सांगावं. तीन, गेल्या वेळच्या शेवटच्या तारखेला सकाळी दहा ते रात्री बारा या वेळेत किती अर्ज सुरू झाले आणि त्यांपैकी किती पूर्ण झाले, याची तासागणिक संख्या द्यावी.